लैंगिक कल ‘बदलणारे’ उपचार

समलैंगिक आकर्षण उपचारांनी बदलते, या दाव्याला मोठे बळ मिळाले ते अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासामुळे. १९७३ मध्ये समलैंगिकता मानसिक विकारांच्या यादीतून वगळण्यात त्यांचाच पुढाकार होता, म्हणून खळबळ अधिक. अभ्यास मात्र कच्चा होता. २०० जणांना फोनवर प्रश्न विचारले गेले. त्यातले अनेक जण या उपचारांचा पुरस्कार करणाऱ्या संस्थांमार्फतच आलेले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ‘मी बदललो’ म्हणणाऱ्याचे म्हणणे पडताळण्याची सोयही नव्हती. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी समलैंगिक समाजाची जाहीर माफी मागितली.

हे उपचार कधीच निरुपद्रवी नव्हते. पूर्वी पुरुषाचे चित्र दाखवताना विजेचा झटका देत, आकर्षणाची किळस बसावी म्हणून. हाती येई ते नैराश्य, अपराधीपणा आणि कित्येकदा आत्महत्येचे विचार.

भारतात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा उपचारांना मनाई करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. हा बडगा नोंदणीकृत डॉक्टरांपुरताच आहे. घरच्यांनी मुलाला बुवाबाबाकडे नेले, तर तिथे तो पोहोचत नाही.