न्यायालयातील लॅटिन शब्द

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मुलाला नेण्यासाठी आलेल्या एका पालकांनी आम्हास मोठ्या आनंदाने एक वार्ता सांगितली. जमिनीच्या दाव्यात ‘समोरची पार्टी गेली’, असे ते म्हणाले. अधिक विचारपूस करता कळले, की वकिलाच्या कारकुनाने त्यांना ‘दावा एक्स पार्टे गेला’ एवढेच सांगितले होते. लॅटिन भाषेत ‘एक्स पार्टे’ म्हणजे ‘एका बाजूकडून’, अर्थात एकतर्फी. आपण तारखेस हजर नसल्यामुळे आपल्या पश्चात आपल्याचविरुद्ध हुकूमनामा झाला, हे त्या गृहस्थांना उमगलेच नव्हते. असा हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या आदेशातील तेराव्या नियमान्वये अर्ज करता येतो. परंतु त्याची मुदत अवघी 30 दिवसांची. येथे सहा महिने उलटून गेले होते.

तेव्हापासून इतिहासाच्या तासाला आम्ही हे शब्द फळ्यावर लिहू लागलो.

रोमचे साम्राज्य लयास गेले, तरी सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात संकलित करविलेला रोमन कायदा युरोपच्या विद्यापीठांत शिकविला जात राहिला. चर्चची आणि राजदरबारी लेखनाची भाषाही लॅटिनच होती. इंग्लंडमध्ये न्यायालयाच्या नोंदी लॅटिनमध्ये लिहिल्या जात. सामान्य इंग्रज माणसाला आपल्याच खटल्याचे कागद वाचता येत नसत. अखेर 1731 साली पार्लमेंटने कायदा करून न्यायालयीन कामकाजाची भाषा इंग्रजी केली. भाषा गेली, पण शब्द उरले आणि इंग्रजांबरोबर ते आपल्याकडे आले. ज्ञान परक्या भाषेत कोंडून ठेवले की ते मूठभरांची मक्तेदारी होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

या शब्दांपैकी चार तर थेट भारतीय संविधानात आहेत. अनुच्छेद 32 अन्वये सर्वोच्च न्यायालय व अनुच्छेद 226 अन्वये उच्च न्यायालये जे प्राधिलेख, म्हणजे रिट, काढतात, त्यांची ही नावे होत. पाचवे नाव ‘प्रोहिबिशन’, म्हणजे प्रतिषेध. तेही मूळ लॅटिनच, पण इंग्रजीत मुरलेले. जुन्या आज्ञापत्रातील ठळक शब्दच त्या आज्ञेचे नाव होऊन बसला. ‘मँडॅमस’ म्हणजे ‘आम्ही आज्ञा करतो’. अधिकारी आपले कायदेशीर कर्तव्य करीत नसेल, तर ते करण्याचा हा हुकूम. ‘को वॉरंटो’ म्हणजे ‘कोणत्या अधिकाराने?’ सार्वजनिक पद बळकावून बसलेल्यास विचारलेला तो प्रश्न आहे. ‘सर्शिओरारी’मध्ये वरिष्ठ न्यायालय कनिष्ठाचे कागद मागवून घेते आणि अधिकाराबाहेरचा निर्णय रद्द करते.

‘हेबिअस कॉर्पस’चा शब्दार्थ मात्र अंगावर काटा आणणारा आहे: ‘देह तुझ्यापाशी असू दे’, म्हणजे ज्याला कोंडले आहेस त्याला सदेह न्यायाधीशापुढे उभा कर आणि कोंडण्याचे कारण सांग. 1772 साली लंडनमध्ये जहाजावर साखळदंडात ठेवलेल्या जेम्स सॉमरसेट या गुलामाची सुटका याच आज्ञेने झाली. संविधान सभेत 9 डिसेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा व हृदय म्हटले. हे प्राधिलेख देशात पूर्वीही होते. परंतु साध्या कायद्याने ते काढून घेता येत होते, आता तसे करता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तरीही आणीबाणीत, 1976 साली, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना हे दार बंद केले. तो एक न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा. पुढे 44व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद 20 व 21 चे संरक्षण स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली.

‘लोकस स्टँडाय’ म्हणजे ‘उभे राहण्याची जागा’. ज्याची हानी झाली त्यानेच न्यायालयात उभे राहावे, असा जुना दंडक होता. मग वेठबिगाराने उभे कसे राहावे? 1981 च्या एस. पी. गुप्ता खटल्यापासून, दुर्बलांसाठी दुसऱ्या कोणीही प्रामाणिक हेतूने दाद मागावी, हे तत्त्व दृढ झाले. आमच्या मते या एका शब्दाचा अर्थ विस्तारल्याने जेवढे भले झाले, तेवढे अनेक नव्या कायद्यांनीही झाले नसेल.

‘अॅड इंटरिम’ म्हणजे ‘दरम्यानच्या काळापुरता’. महाडच्या चवदार तळ्यावर डिसेंबर 1927 मध्ये पुन्हा सत्याग्रह होणार, तोच सनातन्यांनी न्यायालयातून तात्पुरती मनाई आणली. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह पुढे ढकलला. मनाई काही महिन्यांत उठली. दावा मात्र 17 मार्च 1937 पर्यंत चालला. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध होत नाही, असा निर्णय देऊन तळे मोकळे केले.

त्या पालकांना आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे घेऊन गेलो. विलंब माफ करण्याचा अर्ज दाखल झाला. मुलगा तेव्हा नववीत होता. पुढच्या तारखेस वडिलांबरोबर तो स्वतः गेला आणि शिरस्तेदाराने उच्चारलेला प्रत्येक शब्द त्याने वहीत उतरवून आणला.