मोत्या भुंकतो, तेव्हा काय म्हणतो?

दोस्तांनो, कुत्र्याचं पिल्लू घरी येतं तो दिवस कसा असतो, ते तुम्हाला सांगायला नकोच. नाव काय ठेवायचं यावरून भावंडांची भांडणं होतात. शेजारपाजारची पोरं बघायला गर्दी करतात. पिल्लू बिचारं कुंईकुंई करतं आणि सगळे म्हणतात, "अय्या, किती गोड!"

मग चार-पाच महिने जातात. पिल्लू वाढतं आणि त्याचा आवाजही वाढतो. बेल वाजली, भुंक! लिफ्टचं दार आपटलं, भुंक! कुकरची शिटी झाली, भुंक! आणि खालून मांजर गेली, तर मग विचारूच नका. मोत्या सगळं घर डोक्यावर घेतो. वरच्या मजल्यावरच्या ताईचं बारावीचं वर्ष असतं. खालच्या आजोबांचा नुकताच डोळा लागलेला असतो. समोरचे काका रात्रपाळी करून आलेले असतात. आधी कुणीतरी गोडीनं सांगतं, "जरा बघा हो." मग तक्रार होते. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो. आणि एक दिवस मोत्या दिसेनासा होतो. विचारलं तर उत्तर मिळतं, "गावाला पाठवला."

काही मोत्या खरंच गावाला जातात. पण काहींचं 'गाव' म्हणजे लांबची एखादी मंडई, नाहीतर हायवेची कड असते. जन्मभर वाटीत खाल्लेल्या कुत्र्याला रस्ता ओलांडता येत नाही, उकिरड्यावर खाणं शोधता येत नाही आणि तिथली कुत्री त्याला आपल्या गल्लीत उभंही करत नाहीत. आता सांगा, त्याचा गुन्हा काय होता? तो भुंकला, एवढाच!

म्हणून आज आपण या भुंकण्याची गोष्ट नीट समजून घेऊ. कारण ते समजलं, तर बहुतेक मोत्यांना 'गावाला' जावं लागणार नाही.

भुंकणं हे कामच होतं!

कुत्रा आणि लांडगा हे जवळचे नातेवाईक. पण मोठा झालेला लांडगा क्वचितच भुंकतो. कुत्रा मात्र उठता-बसता भुंकतो. असं का? हजारो वर्षं माणसानं कुत्रा पाळला, तो बऱ्याच अंशी राखणीसाठी. माळरानावर धनगराचा वाडा पडतो, तेव्हा रात्री लांडगा जवळ आला हे मेंढरांच्या आधी कुत्र्याला कळायला हवं आणि त्यानं ओरडून सांगायला हवं. जो कुत्रा गप्प बसला, तो काय कामाचा? म्हणजे ज्या गुणासाठी आपण कुत्रा जवळ केला, त्याच गुणासाठी आता फ्लॅटमध्ये त्याच्यावर डोळे वटारतो. आहे की नाही गंमत?

सगळी कुत्री सारखी भुंकत नाहीत, हेही लक्षात ठेवा. आफ्रिकेत काँगोच्या भागात बसेंजी नावाची कुत्र्याची जात आहे. तो आपल्या कुत्र्यांसारखा भों-भों करत नाही, गाण्याची तान घ्यावी तसा वेगळाच आवाज काढतो. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या जातींची पिल्लं एकाच पद्धतीनं वाढवली. १९६५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात कॉकर स्पॅनियल चटकन भुंकायला लागत, तर बसेंजी फारसे भुंकत नसत. तेव्हा "शेजारच्यांचा राजा बघा किती शहाणा!" अशी तुलना करू नका. तुमची तुलना कुणी शेजारच्या मुलाशी केली, तर तुम्हाला आवडतं का?

एक भों, सहा अर्थ

हंगेरी देशात 'मुदी' नावाचा मेंढरं राखणारा कुत्रा असतो. तिथल्या बुडापेस्ट शहरातले शास्त्रज्ञ पीटर पोंग्राट्स आणि त्यांचे सहकारी यांनी मुदी कुत्र्यांचं भुंकणं सहा वेगवेगळ्या प्रसंगी टेप केलं. दारात परका माणूस आला तेव्हाचं, फिरायला निघताना आनंदानं केलेलं, चेंडू मागतानाचं, झाडाला बांधून मालक दूर गेला तेव्हाचं, असं. मग ते आवाज माणसांना ऐकवले आणि विचारलं, "ओळखा, कुठला प्रसंग?" कुत्रं दिसत नव्हतं, नुसता आवाज. तरीही नुसत्या अंदाजानं जेवढी बरोबर यावीत, त्यापेक्षा बरीच जास्त उत्तरं बरोबर आली. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता, त्यांनाही ओळखता आलं! हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

तुम्हीही कान देऊन ऐका. जाड, खरखरीत आणि भराभर, मध्ये उसंत न घेता येणारं भुंकणं म्हणजे "कोण आहे रे? लांब राहा!" बारीक, उंच आवाजाचं आणि थांबून थांबून येणारं भुंकणं, मधूनच रडल्यासारखा सूर, म्हणजे "मी एकटा आहे, कुणीतरी या ना." खेळाच्या वेळी शेपूट हलतं, पुढचे पाय जमिनीला टेकतात, पाठीमागचा भाग वर राहतो. आणि तुमच्या तोंडाकडे बघत एकेकच भों करून थांबतो, तेव्हा समजा, मोत्या काहीतरी मागतोय.

इथंच एक जुनी म्हण विसरून जा. 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' असं म्हणतात ना? अगदी चूक! घाबरलेला कुत्रा भुंकतोही आणि चावतोही. अंग ताठ करून जाड आवाजात भुंकणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ नका, त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका आणि पाठ फिरवून पळू तर मुळीच नका. हळूहळू बाजूला व्हा.

पोस्टमनवर विजय

आता खरी मेख ऐका. पोस्टमन रोज येतो, पत्र टाकतो आणि जातो. कुरिअरवाला येतो, सही घेतो आणि जातो. हे आपल्याला माहीत आहे. पण मोत्याच्या दृष्टीनं काय घडतं? परका माणूस आला, मी भुंकलो, तो पळाला. दुसऱ्या दिवशी आला, मी भुंकलो, पुन्हा पळाला. म्हणजे रोज मोत्याचा विजय! मग तो भुंकणं कशाला सोडेल?

दुसरं उदाहरण. तुम्ही अभ्यासाला बसलात. मोत्या येऊन भुंकला. तुम्ही म्हणालात, "गप रे!" तो आणखी भुंकला. तुम्ही ओरडलात, "गप्प बस म्हटलं ना!" तुम्हाला वाटतं, आपण रागावलो. मोत्याला वाटतं, "वा! ताईही माझ्याबरोबर भुंकायला लागली!" शेवटी कंटाळून तुम्ही त्याला बिस्किट दिलंत. झालं, मोत्या धडा शिकला. कुठला? "बराच वेळ भुंकलं, की बिस्किट मिळतं."

ज्या वागण्यानं काही चांगलं पदरात पडतं, ते वागणं प्राणी पुन्हा करतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी शास्त्रज्ञानं १८९८ मध्ये मांजरांवर प्रयोग करून ही गोष्ट मांडली होती. म्हणजे आपण मोत्याला शिकवत नाही असं वाटत असतं, तेव्हाही आपण त्याला शिकवतच असतो!

आधी वही, मग उपाय

एक कोरी वही घ्या. सात दिवस मोत्या भुंकला, की पाच गोष्टी लिहा: किती वाजले होते, त्याच्या लगेच आधी काय झालं, किती वेळ भुंकला, घरातल्यांनी काय केलं आणि त्यामुळे मोत्याला काय मिळालं. सात दिवसांनी वही वाचलीत, तर तुम्ही अगदी गुप्तहेरासारखे कोडं सोडवाल. बहुतेक वेळा दोन-तीनच कारणं पुन्हा पुन्हा दिसतील. कारण वेगळं, तर उपायही वेगळा.

गॅलरीतून रस्त्यावर भुंकतो? मग दिवसभर गॅलरीत ठेवू नका. जाळीच्या खालच्या भागाला जुनी चादर बांधा. दिसलं नाही, तर चिडायला कारण उरत नाही.

बेल वाजली की भुंकतो? घरातल्याच कुणाला तरी मुद्दाम बेल वाजवायला सांगा. बेल वाजताच मोत्याला एका ठरावीक पायपुसण्यावर घेऊन जा, बसला की खाऊचा तुकडा द्या. रोज आठ-दहा वेळा करा. काही आठवड्यांनी बेल म्हणजे 'शत्रू आला' नाही, तर 'पायपुसण्यावर खाऊ मिळतो' असा अर्थ त्याच्या डोक्यात बसू लागतो.

एकटा राहिला की भुंकतो? ही सगळ्यात केविलवाणी तऱ्हा. पहिल्या दिवशी फक्त अर्धा मिनिट दाराबाहेर जा आणि तो गप्प असतानाच परत या. मग एक मिनिट, मग दोन, मग पाच. जाताना "येतो हं राजा, रडू नको हं" असं नाटक करू नका आणि आल्यावरही धुमाकूळ घालू नका. जाणं-येणं ही साधी गोष्ट आहे, हे त्याला कळू द्या. एवढं करूनही तो घाबराघुबरा होत असेल, तर जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

कंटाळून भुंकतो? तरुण कुत्र्याच्या अंगात रग असते. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवा आणि फिरताना हुंगू द्या. पट्टा ओढत "चल, चल" करू नका. हुंगणं हा त्याचा पेपर वाचण्याचा वेळ असतो! घरी त्याचं थोडं खाणं एखाद्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांमध्ये लपवा आणि शोधायला लावा. मात्र तो कागद खात तर नाही ना, यावर लक्ष ठेवा.

अचानक भुंकायला लागला? मग आधी डॉक्टर. कान दुखत असेल, गोचिड झाली असेल, दात येत असतील. पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून त्या जागी ४२ पक्के दात येतात. हे सारं साधारण सात महिन्यांपर्यंत चालतं. दिवाळीत भुंकत असेल, तर तो फटाक्यांना भितो. आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. त्या दिवसांत खिडक्या लावा, आतल्या खोलीत त्याच्याजवळ बसा.

'शांत' हा शब्द कसा शिकवायचा?

हे आई किंवा बाबा जवळ असतानाच करा. मोत्या भुंकला, की खाऊचा तुकडा मुठीत धरून त्याच्या नाकाशी न्या. तो हुंगायला लागेल. हुंगताना कुत्र्याला भुंकता येत नाही! तो थांबला, की हळू आवाजात एकदाच म्हणा, "शांत." मनात एक, दोन, तीन मोजा आणि तुकडा द्या. उद्या पाचपर्यंत मोजा, नंतर दहापर्यंत. खाऊ म्हणजे चपातीचा किंवा उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरे. चॉकलेट, द्राक्षं, मनुका आणि कांदा मात्र कुत्र्याला कधीही देऊ नका. ते त्याला विषारी ठरू शकतं.

आणखी एक गोष्ट. मागण्यासाठी भुंकणाऱ्या मोत्याला तुम्ही काही देणं बंद केलंत, की पहिले काही दिवस तो जास्तच भुंकेल. घाबरू नका! नळाला पाणी आलं नाही, की आपण तोटी आणखी फिरवतो ना, तसंच ते आहे. याच वेळी आजीनं दया येऊन एक बिस्किट दिलं, की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून नियम सगळ्या घरानं मिळून ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावा. शेजाऱ्यांनाही सांगून या, "काका, आम्ही त्याला शिकवतोय, थोडे दिवस सांभाळून घ्या." एवढ्या एका वाक्यानं निम्मी भांडणं मिटतात.

आई-बाबांसाठी थोडंसं

तोंड बांधणं, मारणं, दिवसभर साखळीला अडकवणं किंवा विजेचा झटका देणारा पट्टा लावणं हे उपाय नव्हेत. त्यानं भीती वाढते, आणि भीती वाढली की भुंकणंही वाढतं किंवा कुत्रा न भुंकता थेट चावायला शिकतो. सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंतचा काळ हा कुत्र्याच्या वयात येण्याचा असतो. तो काळ धीरानं काढावा लागतो.

कायदाही जाणून घ्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, भुकेनं-तहानेनं तळमळेल अशा जागी जनावराला विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये पाळीव कुत्र्यांविषयी सूचना काढल्या. भुंकणं हे कुत्र्याचं नैसर्गिक बोलणं आहे, तेवढ्यावरून सोसायटीनं कुत्रा पाळायला बंदी घालू नये, असं त्यात म्हटलं आहे. पण त्याच सूचनांमध्ये हेही आहे, की सततच्या भुंकण्यानं शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून कुत्र्याला, विशेषतः रात्री, शांत ठेवण्याची काळजी मालकानं घ्यावी. हक्क मोत्याचा आहे, तसा बारावीतल्या ताईचाही आहे.

'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच' असं मोठी माणसं म्हणतात. शेपटाचं असेल तसं. पण कुत्र्याचं डोकं तसं नसतं. ते शिकतं, तरुणपणी तर फार लवकर शिकतं. फक्त तो आपल्याला काय सांगतोय, हे आपण आधी शिकायला हवं. मग काय दोस्तांनो, वही आणि पेन्सिल तयार आहे ना? बघा, बेल वाजली. लिहा: सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटं...