कलमे विकल्यानंतरचा पाठपुरावा

महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि कलमांची मागणी वाढली. त्याबरोबर अनेक गावांत खाजगी रोपवाटिका उभ्या राहिल्या. मातृवृक्षाची निवड, कलम बांधणी, पाणी याकडे बहुतेक रोपवाटिकाधारक चांगले लक्ष देतात. परंतु कलमे ग्राहकाच्या गाडीत चढली की व्यवहार संपला, असा समज सर्वत्र आढळतो. फळझाडांच्या बाबतीत हा समज नुकसानीचा आहे. भांडे घेतले तर ते कसे आहे हे ग्राहकाला लगेच कळते. आंब्याच्या कलमाचा कस मात्र चार-पाच वर्षांनी, फळ धरल्यावर लागतो.

दोष कोणाचा?

आंब्याच्या कलमात जोडाखालचा भाग रायवळ आंब्याचा असतो. या भागातून फुटवे येतात. ते वेळीच काढले नाहीत तर जोमाने वाढतात आणि वरची डोळकाडी मागे पडून मरते. झाड हिरवेगार दिसते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. फळ आल्यावर हापूसऐवजी रायवळ आंबा हाती येतो. पाच वर्षांचे श्रम वाया जातात आणि "रोपवाटिकेने फसवले" अशी बोलवा होते. लागवडीनंतर काही आठवड्यांत कोणी जाऊन फुटवे दाखवले असते, तर दोघांचेही नुकसान टळले असते.

नोंदवही ठेवावी

पाठपुरावा स्मरणशक्तीवर सोडू नये. प्रत्येक ग्राहकासाठी नोंदवहीचे एक पान राखावे. त्यात नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक, विक्रीची तारीख, जात, कलमांची संख्या, जमिनीचा प्रकार, पाण्याची सोय आणि कलमांचा गट लिहावा. गट म्हणजे कोणत्या मातृवृक्षाच्या काड्या आणि कोणत्या महिन्यातील बांधणी. एकाच गटातील कलमे तीन-चार ठिकाणी मेली तर चूक रोपवाटिकेत शोधावी. एकाच बागेत मेली तर तेथील जमीन, पाणी, वाळवी तपासावी.

पाठपुराव्याचे वेळापत्रक

१) विक्रीनंतर पंधरा दिवसांनी : कलमे लावली का, हे विचारावे. लावताना पिशवी काढली होती का, मातीचा गड्डा फुटला नाही ना, जोड जमिनीच्या वर आहे ना, काठीचा आधार दिला आहे ना, याची खात्री करावी. जोडावर प्लॅस्टिकची पट्टी राहिली असल्यास ती काढण्यास सांगावे.

२) पावसाळ्याच्या अखेरीस : शक्यतो स्वतः बागेत जावे. जोडाखालचे फुटवे मालकाकडूनच काढून घ्यावेत, म्हणजे त्याला ओळख पटते. मर मोजून नोंद करावी.

३) हिवाळा संपताना : सावली, आळ्यातील आच्छादन आणि पाणी यांची आठवण द्यावी. पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा पाणी मिळणे गरजेचे आहे.

४) मे महिन्यात : नांग्या भरण्यासाठी किती कलमे लागतील ते विचारून त्याच जातीची कलमे राखून ठेवावीत. १० × १० मीटर अंतरावर हेक्टरी १०० कलमे बसतात. त्यातील १० मेली आणि जागा रिकाम्या राहिल्या, तर बागेचा दहावा हिस्सा पडून राहतो.

पुढील तीन-चार वर्षे पावसाळ्यानंतरची एक भेट पुरेशी होते. त्या वेळी लहान झाडांवर आलेला मोहोर काढण्याविषयीही सांगावे.

बोलणे कसे असावे?

पहिल्या दोन भेटींत नवीन मागणीचा विषय काढू नये. "आणखी कलमे हवीत का?" असा प्रश्न आधी आला की ग्राहक सावध होतो आणि मर झाली असली तरी सांगत नाही. नोंदवहीचे पान वाचूनच जावे. मागच्या वेळी ज्या कोपऱ्यातील कलमे पिवळी होती, त्यांची चौकशी आधी करावी. आपली आठवण ठेवली आहे, एवढ्याने माणूस मोकळा होतो. घरातील स्त्रिया आणि गडी पाणी घालत असतील तर माहिती त्यांनाही द्यावी.

तक्रार आल्यास वाद घालू नये. लांबच्या ग्राहकाकडून मोबाईलवर जोडाचे छायाचित्र मागवावे. कोणत्या कारणाने मेलेली कलमे बदलून मिळतील आणि कोणत्या कारणाने नाहीत, हे विक्रीच्या वेळीच पावतीवर लिहून द्यावे.

खर्चाचा हिशेब

सर्व ग्राहकांकडे जाणे शक्य नसते. एका दिशेच्या गावांची यादी करून एका दिवसात पाच-सहा बागा पाहाव्यात. थोडी कलमे नेणाऱ्यांना दूरध्वनी करावा. या फेऱ्यांचा खर्च कलमाची किंमत ठरवतानाच धरावा.

आंब्याची बाग कित्येक दशके उभी राहते. ती नीट वाढली तर शेजारचा शेतकरी कलमे कोठून आणली हे विचारल्याशिवाय राहत नाही. येत्या पावसाळ्यात कलमे देण्यापूर्वी रोपवाटिकाधारकांनी नोंदवही घालावी आणि पहिले पान गेल्या वर्षीच्या ग्राहकाचे लिहावे.