बेरजेवरची पैज

सामना संपायला दोन मिनिटं उरली होती. तीस विरुद्ध तेरा, म्हणजे निकाल लागल्यातच जमा. तरी हॉलमधली निम्मी माणसं खुर्चीच्या कडेवर सरकून बसली होती. कोण जिंकतंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज त्रेचाळीस झाली होती आणि त्यांचे पैसे साडेत्रेचाळीसवर होते. हरणाऱ्या संघाने अगदी शेवटी, कुणाच्याच उपयोगाचा नसलेला एक टचडाउन केला. अर्धा हॉल ओरडला, उरलेल्या अर्ध्याने हातातल्या पावत्या चुरगाळल्या.

ही जागा न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डची, मेडोलँड्स रेसकोर्सचा बेटिंग हॉल. मला तिथे घेऊन गेले आमचे दाजी. मूळचे कोल्हापूरचे, आता बरीच वर्षं एडिसनला. त्या हिवाळ्यात ते ‘टोटल’ शिकत होते. मी शेजारी वही घेऊन बसायचो. माझा डाव वहीतच असायचा, कारण मला पैशापेक्षा ही माणसं नेमकं बघतात काय, याचं कुतूहल जास्त होतं.

न्यू जर्सीत हे सगळं उजळ माथ्याने चालतं ते २०१८पासून. १९९२च्या केंद्रीय कायद्याने बहुतेक राज्यांना खेळांवरच्या पैजा बंद होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८मध्ये तो कायदा रद्द केला आणि जूनमध्ये मॉनमथ पार्क रेसकोर्सवर राज्यपाल फिल मर्फी यांनी पहिली पैज लावली. फुटबॉलचा विश्वचषक जर्मनी जिंकणार, अशी. जर्मनी त्या वर्षी पहिल्याच फेरीत घरी गेली. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही इथे पैज लावता येते. मात्र राज्यातल्या कॉलेजांच्या सामन्यांवर नाही, त्यामुळे रटगर्सच्या विद्यार्थ्याला स्वतःच्याच संघावर डॉलर लावायची सोय नाही.

टोटलचा नियम एका वाक्यात संपतो. बुकमेकर एक आकडा देतो, तुम्ही सांगायचं की बेरीज त्याच्या वर जाईल की खाली राहील. वर तो ‘ओव्हर’, खाली तो ‘अंडर’. आकडा पूर्ण असेल आणि बेरीज तेवढीच झाली तर ‘पुश’, पैसे परत. अर्धा लावलेला असेल तर बरोबरीचा प्रश्नच उरत नाही. जादा वेळेतले गुणही धरले जातात, हे मात्र नवख्याला बहुतेकदा पहिली अंडर हरल्यावर कळतं.

दाजींना हे नवं नव्हतं. मुंबईच्या सट्ट्यातलं ‘सेशन’ त्यांनी कॉलेजात असल्यापासून ऐकलेलं. पहिल्या सहा षटकांत किती धावा? बुकी भाव देतो सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. ‘यस’ म्हणणाऱ्याला अठ्ठेचाळीस किंवा जास्त हव्यात, ‘नो’ म्हणणाऱ्याला सत्तेचाळीसच्या आत. नेमक्या सत्तेचाळीस झाल्या तर दोघेही हरले आणि बुकी दोन्हीकडून जेवला. महाराष्ट्रात हा गुन्हा आहे, अगदी १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यापासून. कायदा बाजूला ठेवला, तर खेळ तोच. फरक इतकाच की सेशनमध्ये बुकीची कमाई दोन आकड्यांमधल्या फटीत असते आणि इथे ती भावात असते.

शिकणाऱ्याने खरं तर या भावापाशीच सर्वांत जास्त थांबायला हवं. पाटीवर आकड्याशेजारी ‘उणे एकशे दहा’ लिहिलेलं असतं. म्हणजे शंभर डॉलर जिंकायला एकशे दहा लावायचे. एकाने ओव्हर घेतली, दुसऱ्याने अंडर, गल्ल्यात आले दोनशे वीस. जिंकणाऱ्याला त्याचे एकशे दहा आणि वर शंभर, असे दोनशे दहा मिळाले. दहा डॉलर खिडकीच्या आतच राहिले. हिशेब पुढे नेला तर शंभर पैजांपैकी पन्नास जिंकणारा पाचशे डॉलरनी बुडतो. नुसतं बरोबरीत राहायलाही साधारण ५२.४ टक्के अंदाज खरे ठरावे लागतात. दाजी हे वाचून हसले होते. “अडीच टक्क्यांचा तर प्रश्न आहे,” म्हणाले. तेच अडीच टक्के कमवायला माणसं आयुष्य घालवतात.

मग सुरू झालं बघायला शिकणं. अमेरिकी फुटबॉलमध्ये टचडाउनचे सहा, त्यानंतरच्या किकचा एक, फील्ड गोलचे तीन. गुण असे ठोकळ्यांनी येतात, म्हणून बेरजाही काही आकड्यांवर जास्त पडतात. वीस-सतरा म्हणजे सदतीस, चोवीस-सतरा म्हणजे एकेचाळीस, चोवीस-वीस म्हणजे चव्वेचाळीस. त्यामुळे साडेत्रेचाळीस आणि साडेचव्वेचाळीस यांत कागदावर एकाचाच फरक असला, तरी तो एक फार महागाचा. दाजी सुरुवातीला आकडा उशिरा घ्यायचे, सामना सुरू व्हायच्या तोंडावर, घाईघाईत. तोवर तो चव्वेचाळीस ओलांडून गेलेला असायचा. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा, रेसकोर्सवरच आयुष्य गेलेला, त्यांना म्हणाला, “संघ कुठलाही घे, पण आकडा कुठला घेतोस ते बघ.”

दुसरं, घड्याळ. पास हुकला की घड्याळ थांबतं, चेंडू घेऊन धावलं आणि मैदानातच पडलं की ते चालत राहतं. पुढे असलेला संघ धावत राहतो, वेळ खातो आणि बेरीज आटते. मी क्रिकेट बघत वाढलेला, चेंडूकडे बघायची सवय. त्या हॉलमध्ये हळूहळू नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे वळू लागली.

तिसरा वारा. शेजारचं मेटलाइफ स्टेडियम उघडं आहे, जायंट्स आणि जेट्स दोघांचं घर. पाऊस, बर्फ टीव्हीवर भारी दिसतं, लोक लगेच अंडरकडे धावतात. पण गुणांना खरा आवर घालतो तो वारा. त्यात लांबचा पास भरकटतो, किक चुकते. अर्थात हे बुकमेकरला आपल्या आधी कळतं. रविवारी सकाळी आपण खिडकीतून झाडं हलताना बघेपर्यंत आकडा खाली आलेला असतो. मग ती झाडं बघून अंडर घेणं म्हणजे शिळी बातमी ताज्या भावात विकत घेणं.

बास्केटबॉल मला जास्त आवडलं, कारण तिथे गणित उघडं असतं. एनबीएच्या सामन्यात प्रत्येक संघाला साधारण शंभर वेळा चेंडूचा ताबा मिळतो. दर ताब्याला सरासरी १.१२ गुण धरले तर एका संघाचे एकशे बारा, दोघांचे दोनशे चोवीस. दोन्ही संघ घाईने खेळणारे असतील तर ताबे वाढवायचे, मुख्य खेळाडू बसलेला असेल तर गुण कमी करायचे. मी वहीत आधी माझा आकडा लिहायचो, मगच पाटीकडे बघायचो. फार दिवस लागले नाहीत हे कळायला की माझा आकडा आणि पाटीवरचा आकडा दोन-तीन गुणांच्या आतच येतो. बारा गुणांचा फरक पडला, तर जखमी खेळाडूची बातमी माझ्याकडूनच सुटलेली असायची.

आणि इतकं करूनही काय होतं त्याचं उदाहरण हॉलमधला प्रत्येक जण देतो. १९ नोव्हेंबर २०१८ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यात रॅम्सने कॅन्सस सिटीला चोपन्न-एक्कावन्न हरवलं. आकडा साठीच्या पुढे होता, तोच लोकांना फार वाटला होता. बेरीज झाली एकशे पाच. तेच रॅम्स, त्याच मोसमात, ३ फेब्रुवारी २०१९ला अटलांटातल्या सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडशी तेरा-तीन हरले. आकडा पन्नासच्या वर, बेरीज सोळा! सुपर बोलच्या इतिहासातली सर्वांत कमी. दोन्ही वेळा आकडा लावणारी माणसं मूर्ख नव्हती.

नवखा ओव्हरच घेतो, हे मी तिथे वारंवार पाहिलं. त्यात नवल नाही. तीन तास बसून काहीही घडू नये अशी इच्छा धरणं माणसाच्या स्वभावात नाही. अंडरवाला चांगल्या पासवर टाळी वाजवू शकत नाही, सुंदर झेल बघून कण्हतो. दाजींनी एकदा अंडर घेतली होती आणि त्यांचा लाडका संघ धडाधड गुण करत होता. त्यांचा चेहरा आनंद आणि दुःख यांच्यामध्ये कुठेतरी अडकला होता.

मोसमाच्या अखेरीला ते थोडे निवले. पैज लावली की आकडा टिपून ठेवायचे आणि सामना सुरू होताना शेवटचा आकडा काय झाला तो शेजारी लिहायचे. आपण साडेबेचाळीसवर ओव्हर घेतली आणि आकडा चव्वेचाळीसवर बंद झाला, तर पैज हरली तरी खरेदी चांगली होती. उलट झालं तर जिंकलेले पैसेही नशिबाचेच. म्हाताऱ्याने शिकवलेली ही गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा कामाची वाटली.

एकूण हिशेबात पुढे की मागे, असं मी जेवताना विचारलं. “निम्म्याहून जास्त बरोबर आलेत,” दाजी म्हणाले.

“मी ते नाही विचारलं.”

ताईनेच उत्तर दिलं. ती हिशेबनीस आहे. शंभरातले एक्कावन्न बरोबर आले तरी दोनशे नव्वद डॉलर जातात, हे तिने पोळी वाढता वाढता सांगितलं. आणि पैजेच्या ॲपवर महिन्याला किती पैसे भरता येतील, ती मर्यादा तिने दाजींना आपल्यासमोर बसवून खाली आणायला लावली होती. कमी केलेली मर्यादा लगेच लागू होते, वाढवायची तर थांबावं लागतं. तेवढ्या वेळात, ती म्हणाली, माझ्या लक्षात येतं.