कोकणची फत्तेमारी

फत्तेमारी हे पश्चिम किनाऱ्यावरचे शिडाचे मालवाहू लाकडी जहाज. सागाचे सांगाडे आणि फळ्या, पुढे झुकलेली लांब नाळ, दोन डोलकाठ्या आणि तिरकी त्रिकोणी शिडे अशी तिची बांधणी. मोठी फत्तेमारी सुमारे २०० टनांची असे. तळ उथळ असल्याने ती खाडीत आतवर शिरे आणि ओहोटीला चिखलात निवांत टेके. धक्का नसलेल्या किनाऱ्यावर याहून सोयीचे वाहन नव्हते.

पावसाळ्यात दर्यावर जाणे बंद. जहाज किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारत. नारळी पौर्णिमेनंतर, दर्या शांत झाला की, पुन्हा शिडे चढत. मोसमात बहुतेक वारा वायव्येचा. त्यामुळे दक्षिणेकडे उतरणे सोपे, मुंबईकडे चढणे जिकिरीचे. तांडेल रात्री जमिनीवरून वाहणारा मतलई वारा धरून किनाऱ्याजवळून सरके आणि दुपारी खारा वारा उलटा पडला की नांगर टाके. येण्याजाण्याचा दिवस आधी सांगता येत नसे, आणि तशी घाई असणारा मालही तिच्यात क्वचितच भरत. नारळ, सुंभ, लाकूडफाटा, मीठ, भात हा तिचा नेहमीचा भरणा. १८६५ मध्ये मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यावर त्यात कौलांची भर पडली. कोकणातल्या कित्येक घरांची छपरे अशी समुद्रमार्गे आली.

आगबोटींनी उतारू नेले, पण उथळ खाड्यांतला माल बराच काळ शिडांकडेच राहिला. खाड्याच मात्र भरत चालल्या होत्या. राजापूर हे एके काळी अरबी जहाजांशी थेट व्यापार करणारे बंदर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या जहाजांना जुन्या दगडी धक्क्यापर्यंत पोचता येत नव्हते. जंगलतोडीने सैल झालेली माती अर्जुना नदीतून खाली येत होती. जहाजाला लागणारे लाकूडही डोंगरातलेच, हा या कथेतला विरोधाभास.

स्वातंत्र्यानंतर अनेक जहाजांवर डिझेल इंजिने बसली. त्याने वाऱ्याची अडचण गेली, भाड्याची नाही. घाटरस्ते सुधारले, खाड्यांवर पूल झाले आणि ट्रक दारापर्यंत माल पोचवू लागला. फत्तेमारीचा माल मात्र दोनदा हाताळावा लागे. वादळांनी जहाजे बुडवली, पण वादळात गेलेल्या जहाजाच्या जागी पूर्वी नवे बांधले जाई. आता ते बांधणे परवडेना. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तोवर किनाऱ्यावरची शिडाची मालवाहतूक जवळजवळ संपलेली होती.