टी-शर्टची परीक्षा पाचव्या धुण्याला

कापड घेताना ते अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहायची आपली जुनी सवय. धोतरजोडी असो, शर्टपीस असो की परकराचं कापड, सगळ्यांचा निकाल या दोन बोटांनीच लावला. ताण्याबाण्याच्या कापडाला ही परीक्षा बऱ्यापैकी लागूही पडायची. खळ जास्त भरलेली असली की चोळताच तिचा भुगा बोटांना लागे आणि दुकानदाराची लबाडी उघडी पडे. टी-शर्टचं कापड मात्र वेगळ्या जातीचं आहे. त्यात उभे-आडवे धागे नसतातच. धाग्याचे फास, कारखान्याच्या भाषेत लूप, एकमेकांत अडकवून ते विणतात. हातानं स्वेटर विणतात तेच तंत्र, फक्त गोल यंत्रावर आणि बारीक सुयांनी. शिवाय शेवटच्या टप्प्यात त्याच्यावर जी प्रक्रिया होते, ती बरीचशी या दोन बोटांना खूश करण्यासाठीच असते. म्हणून टी-शर्टबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज एकतर बोटांनी करून दिलेले आहेत, नाहीतर लेबलनं.

“जीएसएम जास्त, म्हणजे माल भारी”

एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, एवढाच जीएसएमचा अर्थ. पूर्वी हा शब्द व्यापाऱ्यांपुरता होता. आता ऑनलाइन विक्रीत 180, 220, 240 असे आकडे टी-शर्टच्या फोटोवरच छापलेले असतात आणि जितका आकडा मोठा तितका माल चांगला, असं गिऱ्हाईक धरून चालतं.

पण 180 ग्रॅमचं कापड दोन वाटांनी करता येतं. जाडसर धागा घेऊन लूप ऐसपैस सोडायचे, किंवा बारीक धागा घेऊन लूप घट्ट बसवायचे. वजनकाट्यावर दोन्ही सारखीच. पहिल्या प्रकारात सूत स्वस्त पडतं आणि यंत्रावरून कापडही भराभर उतरतं. मात्र सैल लूपला हलायला जागा असते. तो धुण्यात आटतो, पोटावर ताणला की ताणलेलाच राहतो, खालची घडी लाटेसारखी वाकडी होते. दुसरं कापड हाताला पातळ लागेल, पण दोन वर्षांनीही आकार धरून असेल.

यात सुताच्या नंबरचा हिशेब कळला तर बरं. तो उलटा चालतो. एक पौंड सुतात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तो त्या सुताचा नंबर. म्हणजे नंबर वाढला की धागा बारीक झाला. तीस नंबरच्या एका पौंडात 25,200 यार्ड, जवळपास 23 किलोमीटर धागा असतो. या मापानं 200 ग्रॅमच्या एका टी-शर्टमध्ये साधारण 10 किलोमीटर धागा जातो. एवढ्या लांबीत तो किती एकसारखा राहिला, ही गोष्ट वजनापेक्षा कितीतरी महत्त्वाची, आणि ती दुकानात पाहता येते. टी-शर्टमध्ये हात घालून कापड ट्यूबलाइटसमोर धरा. मध्येच दाट, मध्येच विरळ असे चट्टे दिसले तर धागा कुठे जाड, कुठे बारीक झालेला आहे. विरतं ते त्या बारीक जागेवर.

शिवाय वजनाला हवामानही विचारावं लागतं. 240 ग्रॅमचा ढगळ टी-शर्ट थंडीत रुबाबदार दिसतो; मे महिन्यात नागपुरात तो घालणाऱ्याच्या सहनशक्तीला माझा नमस्कार.

“शंभर टक्के कॉटन लिहिलंय की!”

लिहिलंय, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ते झालं शुद्धतेबद्दल. कापूस कसला आणि त्याचं सूत कसं कातलं, याबद्दल ती ओळ गप्प असते.

कापसाची पहिली परीक्षा तंतूच्या लांबीची. गुजरातेतल्या शंकर-6 चा तंतू साधारण 28-29 मिलिमीटरचा. सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांच्या संकरातून 1974 साली कोइमतूरला आलेल्या सुविनचा 38 मिलिमीटरच्या आसपास. लांब तंतू एकमेकांना जास्त अंतरापर्यंत धरून ठेवतात, त्यामुळे सूत बारीक कातलं तरी मजबूत राहतं. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून कापूस तंत्रज्ञानाची सरकारी प्रयोगशाळा आहे, आज तिला सिरकॉट म्हणतात. तंतूची लांबी, ताकद, बारीकपणा, एकसारखेपणा अशी मोजमापं हा तिथला रोजचा विषय. टी-शर्टच्या लेबलवर यातलं एकही येत नाही.

दुसरी गोष्ट विंचरण्याची. कापूस पिंजून त्याचा पेळू केला की त्यात लांब तंतूंबरोबर आखूडही असतात. सरळ त्याचंच सूत काढलं तर ते कार्डेड. तो पेळू बारीक दातांच्या फणीतून काढून आखूड तंतू वेगळे केले तर कोम्ब्ड. विंचरण्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास कापूस बाजूला पडतो, म्हणून कोम्ब्ड सूत महाग. जे आखूड तंतू विंचरून काढले नाहीत, त्यांची टोकं धाग्याबाहेर डोकावतात, घर्षणानं एकमेकांत गुंततात, आणि काही धुण्यांनंतर काखेत नि पोटावर गोळे दिसू लागतात. एक गंमत म्हणजे निव्वळ सुती कापडावरचे गोळे पुढे झडूनही जातात. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडावरचे चिकटून बसतात, कारण त्यांना धरून ठेवणारा पॉलिस्टरचा तंतू सहजी तुटत नाही. तेव्हा ‘मिक्स कापड टिकतं’ हे खरं, पण त्याच्याबरोबर गोळेही टिकतात.

कातण्याच्या पद्धतीबद्दल मात्र उगाच तुच्छता दिसते. रिंगवर कातलेलं सूत मऊ आणि मजबूत. 1960 च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातून बाजारात आलेली ओपन एंड पद्धत वेगवान आणि स्वस्त, तिचं सूत थोडं खरखरीत आणि ताकदीला कमी. म्हणून ओपन एंड म्हणजे टाकाऊ असं नव्हे. त्याच्या अंगावर लव कमी असते आणि जाड, कोरड्या स्पर्शाचे टी-शर्ट त्यातूनच छान होतात. खोट आहे ती ओपन एंडचं कापड रिंग स्पन म्हणून विकण्यात.

“हाताला मऊ लागतो, म्हणजे कापूस चांगला”

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा समज हाच.

मऊपणा तीन ठिकाणांहून येतो. एक कापसातून आणि कातणीतून, तो टिकतो. दुसरा सिलिकॉनच्या सॉफ्टनरमधून. शेवटच्या टप्प्यात कापडाला तो देतात. त्यानं कापड हातातून निसटेल इतकं गुळगुळीत होतं, शोरूममध्ये फार छान वाटतं, पण हा मऊपणा धुण्यागणिक उतरत जातो. तिसरा बायोवॉशमधून.

बायोवॉश हा शब्द आता लेबलवर मोठ्या अक्षरात येतो आणि तो वाचून अनेकांना सेंद्रिय शेती आठवते. त्याचा शेतीशी काही संबंध नाही. सेल्युलेज नावाचं एन्झाइम वापरून कापडावर उभी राहिलेली कापसाची लव खाऊन टाकतात, ही ती प्रक्रिया. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू भराभर कुजू लागले, तेव्हा शोध घेताना एक बुरशी सापडली. सेल्युलेज बनवण्यात ती पटाईत निघाली. सैन्याचे तंबू खाणारी ही बुरशी पुढे कापड उद्योगाच्या नोकरीला लागली.

लव गेल्यानं कापड स्वच्छ दिसतं, गोळे कमी येतात, रंग उजळ वाटतो, आणि हे सगळं कायमचं असतं. पण एन्झाइमला लव आणि धागा यांत भेद करता येत नाही. वेळ, तापमान आणि प्रमाण सांभाळलं तर कापडाचं वजन थोडंसंच घटतं. हात सैल सुटला तर कापड मऊ होतं आणि कमजोरही. चांगल्या सुताला बायोवॉश शोभतो. हलक्या सुताची लव लपवायला तो जास्त दिला असेल, तर ते दुकानात सहज ओळखू येत नाही. कापड उलटं करून आतली बाजू पाहावी, एवढाच उपाय. बाहेरून गुळगुळीत आणि आतून केसाळ असेल तर सुताचं खरं रूप आतलं.

“आटला, म्हणजे कापूसच खराब” आणि “शिवण फिरली, म्हणजे शिंप्याची चूक”

हे दोन वेगळे आरोप, पण मूळ जवळजवळ एकच.

कापसाचा तंतू धुतल्यानं लांबीला फारसा कमी होत नाही. आटतो तो लूप. विणताना, रंगवताना, सुकवताना कापड सतत उभं ओढलं जातं आणि लूप लांबट होतात. घरी ते पाणी प्यायलं आणि मोकळं झालं की लूप आपल्या मूळ गोलाईकडे परततात. टी-शर्ट लांबीला कमी आणि कधीकधी रुंदीला जास्त होतो तो यामुळे. चांगल्या कारखान्यात हे काम आधीच उरकतात. कॉम्पॅक्टर नावाच्या यंत्रात वाफेखाली लूप एकमेकांकडे ढकलून बसवतात, आणि कटिंगपूर्वी कापड उलगडून काही तास नुसतं पडू देतात. यात वेळ जातो, जागा जाते, आणि कापडाची लांबी कमी भरते. मालाची घाई असली की पहिली काट इथेच बसते. 70 सेंटिमीटर लांबीचा टी-शर्ट 5 टक्के आटला तर साडेतीन सेंटिमीटर गेले. हात वर केल्यावर पोट दिसायला तेवढे पुरतात.

आता शिवण. चार-पाच धुण्यांनंतर बाजूची शिवण पुढे पोटावर येते आणि आपण शिलाईला दोष देतो. शिवणाऱ्यानं ती बहुधा सरळच घातलेली असते. सुताला मजबुतीसाठी पीळ दिलेला असतो. पीळ भरलेली सुतळी मध्ये सैल सोडली की ती स्वतःभोवती गुंडाळू पाहते, तसा प्रत्येक लूपमधला धागा पाणी मिळताच उलगडू पाहतो. हजारो लूप एकाच दिशेनं कलले की सगळं कापड तिरकं होतं. त्यात गोल यंत्रावर एकाच फेऱ्यात कित्येक धागे एकदम विणले जातात, त्यामुळे आडव्या ओळी मुळातच थोड्या चढत्या पडतात. पीळ नेमका ठेवणं, दोन धागे उलट्या पिळानं एकत्र करून वापरणं, सुकवताना कापडाचा तिरकेपणा काढणं, हे सगळे उपाय शिलाईयंत्रापर्यंत कापड पोचण्याआधीचे आहेत. कॉलरवाल्या टी-शर्टच्या, ‘पिके’ नावाच्या चांगल्या कापडात दुहेरी धागा वापरतात, त्यामागचं एक कारण हेच.

दुकानात पाहायचं ते असं: कापडावरच्या बारीक उभ्या ओळी बाजूच्या शिवणीला समांतर चालल्या आहेत का? वरून सुरू झालेली ओळ खाली येईपर्यंत शिवणीला जाऊन भिडत असेल, तर कापड तिरकं असतानाच कापलंय. असा टी-शर्ट घरी जाऊन हमखास फिरतो.

शिंप्याची चूक कुठे असते तेही सांगायला हवं. खालच्या घडीजवळ किंवा खांद्याच्या शिवणीला लागून बारीक भोकं पडतात आणि घरात झुरळांवर, वॉशिंग मशीनवर, शेजारच्या पँटच्या चेनवर संशय जातो. बऱ्याचदा ती सुईची करामत असते. होजिअरीच्या कापडाला गोल टोकाची सुई लागते. ती धागा बाजूला सारून आत शिरते. टोकदार किंवा झिजलेली सुई धागा तोडते. नवेपणी ते दिसत नाही. धुण्याचा ताण बसला की तुटलेला लूप सुटतो, त्याच्यामागून शेजारचा.

गळ्याबद्दल थोडक्यात: गळपट्टीच्या रिबमध्ये थोडं लायक्रा हवं, आणि पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा किंचित लहान कापून ताणून बसवलेली हवी. ओढून सोडा, लगेच परतली तर ठीक. मागे मानेपासून खांद्यापर्यंत आतून टेप लावलेली असेल तर खांदे ओघळत नाहीत.

“पॉलिस्टर म्हणजे घामट”

कापूस हवेतला ओलावा वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत सहज धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून बसल्या जागी, साध्या उकाड्यात कापूस सुखाचा. पण धावताना किंवा पावसाळ्यात सिंहगड चढताना हाच गुण उलटतो: कापूस घाम पितो आणि अंगाला ओला चिकटून राहतो. तिथे चांगल्या विणीचा पॉलिस्टर सरस. वास मात्र तो जास्त धरतो.

“मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो”

हा खास आपल्या घरातला. त्याचा उगम रंगाईच्या कारखान्यातच आहे, म्हणून तो इतका टिकला. सुती टी-शर्ट बहुतेक रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगवतात. 1956 मध्ये ब्रिटनच्या आयसीआयनं हे रंग बाजारात आणले. रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालतात, गडद रंगाला लिटरमागे 50 ग्रॅमहूनही जास्त. पण मिठाचं काम रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलण्याचं. त्याला कापसाशी जोडतो तो सोड्यासारखा अल्कली. काही रंग कापसाऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि नुसता कापडावर बसून राहतो. तो गरम साबणाच्या पाण्यात पुन्हापुन्हा धुऊन काढायचा असतो. ही धुलाई अर्धवट राहिली की बादली लाल होते. घरी मीठ घातलं की तो सुटा रंग तेवढ्यापुरता कापडावर थांबतो आणि पुढच्या धुण्याला निघतो.

या धुलाईला पाणी प्रचंड लागतं, आणि तिथेच खर्चाची मेख आहे. देशातल्या सुती होजिअरीच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल पाठवणाऱ्या तिरुप्पूरमध्ये रंगाच्या पाण्यानं नोय्यल नदी इतकी बिघडली की जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथल्या रंगाई कारखान्यांना टाळं लावायला सांगितलं. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडता ते शुद्ध करून पुन्हा वापरायचं, ही अट त्यानंतर टाळता येईनाशी झाली. पाण्याची प्रत्येक जादा फेरी आता पैशांत मोजावी लागते. म्हणून शंभर-दीडशे रुपयांच्या काळ्या टी-शर्टनं रंग सोडला तर नवल वाटायला नको; त्याच्या किमतीत शेवटच्या धुलाया बसतच नाहीत.

काळा, मरून किंवा गडद निळा टी-शर्ट घरी आणला की आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल घासून पाहावा. फिकट डाग गडद रंगाला पडतोच. रुमाल सरळ रंगूनच निघाला तर पहिली पाच-सहा धुणी तो उलटा करून, थंड पाण्यात, वेगळा धुवावा, आणि सावलीत वाळवावा.