नोटीस आली म्हणजे नांदायला जावंच लागतं का?

निलंगा तालुक्यातल्या एखाद्या घरी, माहेरी आलेल्या लेकीच्या नावानं रजिस्टर पाकीट आलं की त्या दिवशी घराचा आवाजच बसतो. आत वकिलाची नोटीस असते: इतक्या दिवसांत नांदावयास यावे, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल. बाप चष्मा शोधतो, मग पाकीट खिशात घालून गावातल्या ‘कायदा कळणाऱ्या’ माणसाकडं जातो. तिथं चहा होतो आणि निकालही लागतो. “आता पोलीस येऊन घेऊन जातील बघा. त्यापरीस आपणच नेऊन सोडा.” दुसऱ्या दिवशी लेक बॅग भरते.

आपल्याकडं बायका जे सोसतात, त्यातलं बरंचसं सोशिकपणातून येत नाही, चुकीच्या माहितीतून येतं, असं माझं मत आहे. ती माहिती देणारेही परके नसतात. काका, मामा, दाजी, बैठकीला बसणारी चार माणसं. म्हणूनच ती तपासून घ्यावी असं कुणाच्या मनात येत नाही.

पोलिसांचंच घेऊ. नोटीस म्हणजे एका वकिलानं लिहिलेलं पत्र, कोर्टाचा हुकूम नव्हे. त्यानंतर नवरा हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ खाली ‘नांदायला येण्याचा’ दावा टाकू शकतो. समजा तो जिंकलाच, तरी बाईचा दंड धरून तिला सासरी पोचवण्याचा अधिकार पोलिसांना नाही आणि कोर्टालाही नाही. हुकूम पाळला नाही तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. तुरुंग तर नाहीच.

एके काळी मात्र होता. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लागलं. पुढं त्यांनी नांदायला जायला नकार दिला तेव्हा दादाजीनं १८८४ साली दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात तो परत आला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. टिळकांसकट अर्धा महाराष्ट्र त्यांच्यावर तुटून पडला होता. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या डॉक्टरकी शिकायला लंडनला गेल्या. नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद कायद्यातून गेली ती १९२३ साली. म्हणजे पारावरची चार माणसं आजही ज्याची भीती घालतात, तो कायदा जाऊन शंभर वर्षं उलटली.

“हुकूम मोडला की पोटगी बुडाली” ही त्याच भीतीची दुसरी बाजू. पोटगी बुडवण्यासाठीच हा दावा टाकायचा, अशी युक्ती कोर्टाच्या आवारात मुरलेली आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं की नवऱ्याच्या हातात असा हुकूम असला तरी, न जाण्याचं सबळ कारण असेल तर बायको पोटगी मागू शकते. फक्त एक: नोटीस आणि समन्स ट्रंकेत ठेवून गप्प बसू नये. हजर न राहिल्यास निकाल एकतर्फी लागतो. वकिलाच्या फीचा प्रश्न असेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करता येतो. १९८७ च्या कायद्यानुसार कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

आता उलटी चूक. बैठक बसते, दोन्हीकडची माणसं हात जोडतात, बॉण्डवर ‘फारकत’ लिहिली जाते, नोटरीचा शिक्का बसतो, दागिने आणि भांडी परत होतात आणि सगळ्यांना वाटतं की सुटली एकदाची. कायद्याच्या नजरेत ती सुटलेली नसते. हिंदू विवाह कोर्टाच्या हुकुमानं मोडतो. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कायदा तिला मान देतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते आणि ते सोपं नाही. त्या बॉण्डच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं तर ते लग्नच रद्दबातल ठरतं. दुसऱ्या घरी पाच वर्षं संसार करून, दोन लेकरं झाल्यावर बाईला हे कळावं यासारखी क्रूर गोष्ट नाही. दोघांची खरोखर संमती असेल तर कोर्टातला रस्ता काही फार लांबचा नसतो. वर्षभर वेगळं राहिल्यावर संयुक्त अर्ज करता येतो, आणि पुढची सहा महिन्यांची थांबणूकही योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय.

मुसलमान घरांतही हाच घोळ वेगळ्या रूपात असतो. “मी मागंच तलाक दिलाय” असं नवऱ्यानं कोर्टात लिहून दिलं की झालं, हा समज आपल्याच औरंगाबाद खंडपीठानं २००२ साली पूर्णपीठाच्या निकालात खोडून काढला. तलाक दिल्याचं नुसतं सांगून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. २०१९ पासून एका दमातला तिहेरी तलाक हा गुन्हा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानंतर पोटगीबद्दलची शंकाही उरलेली नाही.

“सात वर्षं वेगळं राहिलं की आपोआप सुटतं.” सुटत नाही. सात वर्षांचा आकडा जो माणूस जिवंत असल्याची कुठूनच खबर नाही त्याच्यासाठी आहे. पुण्यात दुसरीसोबत राहणाऱ्या नवऱ्याची खबर सगळ्या गावाला असते.

निलंग्याची एक खास अडचण आहे. १९५६ पर्यंत हा तालुका बीदर जिल्ह्यात होता. रेष कागदावर सरकली, सोयरिकी सरकल्या नाहीत. आजही लेकी कर्नाटकातल्या भालकीला, बसवकल्याणला, हुमनाबादला दिल्या जातात. मग त्रास झाला की सांगितलं जातं, “केस तिकडंच टाकावी लागंल, कानडीत.” तसं काही नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा म्हणतो की पीडित बाई कायम किंवा तात्पुरती जिथं राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर अर्ज चालेल. माहेरी आलेल्या लेकीसाठी ते ठिकाण माहेरच. छळाची फौजदारी तक्रारही माहेरच्या गावी नोंदवता येते, असा २०१९ चा निकाल आहे.

त्या २००५ च्या कायद्यात मारहाण हा हिंसेचा फक्त एक प्रकार आहे. पैसे अडवणं, पगार काढून घेणं, उठता-बसता पाणउतारा करणं, घराबाहेर काढायची धमकी देणं, हे सगळं त्यात येतं. “अंगावर वळ नाही तर केस काय करणार?” हा प्रश्न म्हणूनच चुकीचा. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा हक्क सून मागू शकते, हे २०२० मध्ये ठरलं. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. निकालाचे साठ दिवस प्रत्यक्षात लांबतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण अंतरिम हुकूम त्याआधी मागता येतो.

माहेरी येणं सगळ्यांत अवघड कशामुळं होतं, तर ‘हक्कसोड’ या कागदामुळं. लग्नानंतर कधीतरी भाऊ बहिणीला निबंधकाच्या कार्यालयात नेतो, साडी-चोळी करतो, सही घेतो. “तुझ्या लग्नात तुझा वाटा गेला की, आक्का.” लग्नाचा खर्च म्हणजे वाटा नव्हे. वडिलार्जित जमिनीत लेकीचा हक्क जन्मानं आहे. महाराष्ट्रात तशी दुरुस्ती १९९४ ला झाली, देशात २००५ ला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे २०२० मध्ये पक्कं झालं. सही करू नये असं मी म्हणत नाही. पण दोन एकर सोडणारी बहीण दहा वर्षांनी परत आली तर ती पाहुणी होते, आणि पाहुणीला आठ दिवसांनी विचारतात, कधी जायचं?

मग लोक बोट दाखवतात: “एवढा त्रास होता तर तीनदा परत कशाला गेली?” जगभर दिसतं की अशी माणसं एका झटक्यात सुटत नाहीत, जातात-येतात. मारानंतर माफी येते, गजरा येतो, आठ दिवस बरे जातात आणि आशा लागते. शिवाय निघून येण्याचा काळच सगळ्यांत धोक्याचा असतो, हे त्या बाईला इतरांपेक्षा जास्त कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात, हिंसा सोसलेल्या १०० पैकी ७७ जणींनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. म्हणून जी तीनदा आली आणि तीनदा गेली, तिनं निदान तीनदा सांगितलं तरी. चौथ्यांदा येईल तेव्हा १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर घरात कुणाला तरी पाठ असावा. प्रत्येक जिल्ह्यात ‘सखी’ केंद्र आहे, तिथं तात्पुरती राहायची सोय होते.

पुरुषांचं काय, असंही विचारतात. २००५ चा कायदा त्यांच्यासाठी नाही, हे खरं. पण छळ हे घटस्फोटाचं कारण नवऱ्यालाही तितकंच उपलब्ध आहे. “बायकोचा मार खातोय” म्हणून हसतील या धाकानं कुणी तिकडं फिरकत नाही, ही गोष्ट वेगळी.

सगळ्यांत चिवट समज कायद्याचा नाहीच. सुटली म्हणजे तिनं विसरलं पाहिजे, दुसरा संसार मांडून हसतमुख दिसलं पाहिजे. डोळ्यांत पाणी आलं की “बघा, अजून जीव आहे तिकडं”. रखमाबाईंनी पुन्हा लग्न केलं नाही. १८९४ ला डॉक्टर होऊन त्या परतल्या, सुरतला रुजू झाल्या. १९०४ साली दादाजी वारला. ज्याच्या घराची पायरी चढण्यापेक्षा त्यांनी तुरुंग पत्करला होता, त्याच्या मरणानंतर त्या विधवेचं पांढरं लुगडं नेसल्या. का, हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. त्या लुगड्यातच पुढं कित्येक वर्षं त्या दवाखान्यात रोगी तपासत राहिल्या.